तुळशीपासून लांब

मित्रांनो, मी एक जुनी माशीखाऊ वनस्पती आहे. एवढं एक वाक्य बोलतानाही माझी मान खाली जाते. आंबा, पारिजातक, झेंडू यांना आपली ओळख सांगताना किती बरं वाटत असेल! एक फळं देतो, एक अंगणात सडा घालतो, एक दसऱ्याला दारावर चढतो. मला मात्र ‘तू काय करतेस गं?’ असं कुणी विचारलं, तर ‘खाते’ एवढंच सांगता येतं. आणि काय खातेस, हा पुढचा प्रश्न येऊच नये असं वाटतं.

मोठ्या पुस्तकांत मला व्हीनस फ्लायट्रॅप म्हणतात. माझी पानं मातीलगत पसरलेली असतात आणि प्रत्येक पानाच्या टोकाला उघड्या शिंपल्यासारखा एक जबडा असतो. आतून लाल, कडेला दाते. आत बारीक केस असतात. माशीचा पाय त्यांना एकदा लागला तर मी गप्प राहते. लगेच पुन्हा लागला, की मिटते. मग बरेच दिवस तो जबडा उघडत नाही. उघडतो तेव्हा आत माशीचं रिकामं टरफल असतं आणि ते वाऱ्याने उडून जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसत राहतं. तुमच्या ओठाला खरकटं लागलेलं असताना कुणी फोटो काढला तर तुम्हांला कसं वाटेल, तसं मला तेव्हा वाटतं.

माझा जन्म मालेगावचा. माझे पूर्वज म्हणे अमेरिकेतल्या कुठल्याशा पाणथळ रानातले, पण मी काही ते रान पाहिलेलं नाही. मी पाहिली ती कौसरच्या घराची गच्ची. खाली यंत्रमागांची शेड होती. दिवसभर खटखट चालायची आणि कापसाचे तंतू उडत वरपर्यंत यायचे. कौसर तेव्हा शाळेत होती. तिने एक निळं प्लास्टिकचं पिंप आडवं कापून त्यात आमच्यासाठी छोटीशी दलदल केली होती. तळाला भरड पांढरी वाळू, वर शेवाळ कुजून झालेली हलकी माती. शेणखत नाही, राख नाही, काही नाही. लोकांना वाटतं, झाडाला जेवढं खत तेवढं चांगलं. आमचं गाडं उलटं आहे. आम्हांला माती कंगाल लागते आणि पाणी निव्वळ लागतं, पावसाचं नाहीतर एसीच्या नळीतून ठिबकणारं. पाण्यात क्षार आले, की आमची मुळं जळतात. मातीतून पोटाला काही मिळत नाही, म्हणून तर आम्ही माश्यांच्या वाटेला जातो. हौसेने कोण जातं?

त्या पिंपात माझ्या एका बाजूला उंच सुरयांसारखी घटपर्णी होती आणि दुसऱ्या बाजूला अंगभर चिकट थेंब मिरवणारा दवबिंदू. सगळे आमच्याच पंगतीतले. त्यामुळे तिथे लाज हा शब्द मला ठाऊक नव्हता. उलट कौतुकच होतं. कौसरची दादी हमीदा गच्चीवर पापड वाळत घालायची आणि मला ‘हमारी सिपाही’ म्हणायची. तिच्या पापडावर बसायला निघालेली माशी मी धरली, की ती हातातली काठी खाली ठेवायची आणि म्हणायची, “देखो, ये काम करती है. बाकी सब सोते हैं.” माझ्या आयुष्यातली ती नोकरीची आणि मानाची वर्षं. तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

पुढे कौसर वनस्पतिशास्त्र शिकायला नाशिकला गेली. तिथे तिला आभा भेटली आणि दोघींचं मेतकूट जमलं. एका सुट्टीत आभा मालेगावला आली. आभाचं घर पंचवटीतलं, उपाध्यायांचं. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. हे दादीला कौसरने सांगितलं असणारच, तरी दादीने आभाला जिन्यातच थांबवून विचारलं, “बेटी, तुमको क्या चलता है? शरमाना नहीं, बोलना.” आभाने संकोचत सांगितलं. मग दादीने नवा तवा आणवला, नवी पातेली काढली आणि गच्चीवर, आमच्या पिंपाशेजारी, वेगळी शेगडी मांडून तिच्यासाठी बटाट्याची भाजी आणि पोळ्या केल्या. घरच्यांनीही त्या दिवशी तेच खाल्लं. आभा जेवली, वर दोन पोळ्या मागून घेतल्या. हे सगळं मी माझ्या पिंपातून पाहिलं. तेव्हा त्यात विशेष असं काही मला वाटलं नाही, कारण पाहुण्याला विचारायचं असतं, एवढं तर दादीमुळे मलाही समजत होतं.

त्या श्रावणात आभाच्या वाढदिवसाला कौसरने मला पिंपातून उपटलं, काळ्या कुंडीत लावलं आणि मांडीवर घेऊन एसटीने नाशिकला आणलं.

आभाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पुढे लांबट गॅलरी, खाली गंगेकडे जाणारा रस्ता. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे तिथे आल्यावर मला कळलं. आभाचे आजोबा ढुंढिराज गुरुजी यात्रेकरूंची कृत्यं करायचे. लांबलांबून यजमान यायचे, श्राद्ध-तर्पण करायचे आणि दुपारी गुरुजींकडे पानावर बसायचे. ढुंढिराजांच्या घरून कुणी उपाशी गेला नाही, असा त्यांचा लौकिक होता आणि त्यांना तो जिवापाड प्रिय होता. आभाची आई श्यामला सगळं रांधायची आणि वाढायची.

कौसरने मला टेबलावर ठेवलं. आजोबा चष्मा वर करून वाकले.

“सुबक आहे. हे फुलतं का?”

“फुलतं ना, आजोबा. पांढरं फूल येतं, उंच दांड्यावर,” कौसर म्हणाली.

“आणि हे दात कशाला?”

कौसरने आभाकडे पाहिलं. आभाने माझ्याकडे पाहिलं.

“माश्या खाते ती. मुंग्या, किडे,” कौसर हळूच म्हणाली.

आजोबा सरळ झाले. रागावले नाहीत. ढुंढिराज रागावणारे गृहस्थच नव्हेत. ते फक्त म्हणाले, “असं होय. मग बाहेर ठेवा गॅलरीत. आमच्याकडे असलं चालत नाही. आणि तुळशीपासून लांब बरं का.”

मी गॅलरीच्या पार टोकाला गेले. थोड्या वेळाने चहा आला. घरातल्यांचा स्टीलच्या कपांत होता. कौसरचा एका चिनीमातीच्या कपात, पांढरा, निळ्या फुलाचा, काठाला टवका उडालेला. श्यामलाने तो कप कौसरच्या हातात आधी रिकामा दिला आणि मग वरून, कपाला भांडं लागू न देता, चहा ओतला. कौसरने चहा प्यायला, गॅलरीतल्या नळाखाली कप स्वतः विसळला आणि माझ्या कुंडीशेजारी कट्ट्यावर पालथा घातला. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. तिला ते आधीपासून माहीत होतं. आभा तेवढा वेळ तुळशीची वाळकी पानं खुडत होती, आणि तिथे वाळकी पानं फारशी नव्हती.

तेव्हापासून तो कप आणि मी शेजारी झालो. कौसर आली की तो उताणा व्हायचा, गेली की पालथा.

मित्रांनो, लाज म्हणजे काय ते मी त्या गॅलरीत शिकले. तिथे एका कुंडीत लाजाळू होती. यजमानांची मुलं तिला बोट लावायची, ती मिटायची आणि सगळे म्हणायचे, “अगंबाई, लाजली!” तीच मुलं मला बोट लावायची. मी मिटले, की “ई, खाल्लं!” मिटणं तेच. तिचं कौतुक आणि माझी शिसारी. मी ठरवलं, आता खायचंच नाही. पण श्राद्धाच्या खिरीच्या वासाने माश्या यायच्या, एखादी केसांवरून दोनदा चालायची आणि जबडा आपोआप मिटायचा. पोट आहे ना मलाही. मिटल्यावर आठवडाभर मी स्वतःवरच चिडलेली असायची.

पितृपक्ष लागला आणि व्हायचं तेच झालं. घरात बुऱ्हाणपूरकडचे यजमान जेवत होते. कौसरला काही कल्पना नव्हती, ती आभाला पुस्तक द्यायला आली. आभाने तिला गॅलरीत बसवलं आणि चहा आणून दिला, त्याच कपात. तेवढ्यात यजमानीणबाई हात धुवायला गॅलरीत आल्या. माझ्या एका जबड्यात नुकतीच धरलेली माशी होती आणि ती अजून फडफडत होती. बाई किंचाळल्या नाहीत, पण दोन पावलं मागे सरल्या.

“गुरुजी, हे काय हो? आज श्राद्धाच्या दिवशी?”

आजोबा पंच्याला हात पुसत आले. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. चाळीस घरांत ज्यांच्या सोवळ्याचा दाखला देतात, त्या माणसाच्या गॅलरीत हे.

“ते आमचं नव्हे हो,” ते घाईघाईने म्हणाले. “बाहेरचं आहे. असंच आलंय. जाईल आता.”

कौसर तिथेच उभी होती, कप हातात धरून. आजोबा बोलले ते मला, हे मला ठाऊक आहे. तेही तसंच म्हणतील. पण बाहेरचं म्हणून त्या गॅलरीत तेव्हा आम्ही दोघी होतो. कौसरने अर्धा चहा नळाखाली ओतून दिला, कप विसळला, पालथा घातला आणि आभाला म्हणाली, “निघते गं. तासाला जायचंय.” त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही.

आभाने आठवडाभराने विषय काढला.

“आजोबा, तिला वाईट वाटलं.”

“मी तिला कुठे काय बोललो? मी झाडाला बोललो.”

“कपही झाडाचा आहे का?” आभाने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली. त्या दिवशी आजोबांची जपाची माळ पुढे सरकली नाही.

थंडीत मी आक्रसून झोपते. आमच्या जातीला ती झोप लागतेच आणि नाशिकची थंडी तर त्यासाठी फर्मास. उन्हाळ्याच्या तोंडावर मी पुन्हा पानं काढली. त्याच सुमारास आभाला प्रशिक्षणासाठी कोकणात जावं लागलं. मला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला.

“कौसरकडे दे ना,” श्यामला म्हणाली.

“कोणत्या तोंडाने देऊ, आई?”

आजोबाच म्हणाले, “मी बघतो तिच्याकडे. सांग मला काय करायचं ते.”

आभाने पावसाळ्यात भरून ठेवलेले पाण्याचे कॅन दाखवले. “एवढंच पाणी, आजोबा. खालच्या ताटलीत ओतायचं. दुसरं काही करायचं नाही.” आजोबांनी मान हलवली. आभा गेली.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकून आजोबांना नावं ठेवू नका. माणूस मनातून ओशाळला, की त्याला काहीतरी भरून काढायची घाई होते. आजोबा रोज सकाळी जपाला गॅलरीत, माझ्याजवळ खुर्ची टाकून बसू लागले. आधी नुसते बघायचे. मग बोलू लागले. “आज ऊन फार आहे गं.” “तुझं हे नवं पान कालचं का?” यजमानांना ‘बाहेरचं’ म्हणून सांगितलेल्या जिवाशी ते हळूहळू घरच्यासारखं बोलू लागले. मला बरं वाटायचं आणि कसंनुसंही व्हायचं. प्रेमाने बोलणाऱ्या माणसासमोर माशी खाताना जास्तच लाज वाटते.

त्या उन्हाळ्यात श्यामलाने गॅलरीला जाळी बसवून घेतली. माश्या येईनाशा झाल्या. खरं तर मला त्याचं काही वाटलं नाही, ऊन आणि पाणी असलं की मी महिनोन्‌महिने माशीवाचून राहते. पण आजोबांच्या जिवाला ते लागलं. घरात कुणी उपाशी असताना त्यांना घास जाईना. एके दिवशी त्यांनी नैवेद्याच्या पानातलं वरणभाताचं एक शीत, तुपाचं बोट लावून, माझ्या जबड्यात ठेवलं. काडीने हलवलंही. मी मिटले. आजोबांचा चेहरा उजळला. “खाल्लंन हो,” ते श्यामलाला सांगून आले, “हळूहळू वळण लागेल.” त्या शिताने माझा तो जबडा सडला. मग दुसऱ्यात दहीभात, तिसऱ्यात पेढ्याचा कण. आग्रह करकरून वाढणं हा त्यांचा जन्माचा स्वभाव आणि नको म्हणायला मला तोंड नाही. तोंडं आहेत तेवढी मिटणारी.

पण माझं मरण ओढवलं ते पाण्यामुळे. कॅनचं झाकण उघडताच आजोबांना वास आला. आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. “शिव शिव,” ते म्हणाले, “घरच्या जिवाला असलं शिळं पाणी?” त्यांनी एकेक कॅन मोरीत उपडा केला. माझं वर्षभराचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत गेलं. आणि मग त्यांच्याकडे जे सगळ्यांत उत्तम होतं ते त्यांनी मला दिलं. पहाटे गंगेवरून तांब्याच्या कळशीत भरून आणलेलं, तांब्याच्याच भांड्यात मुरलेलं पाणी. त्यांच्या देवांना तेच, पितरांना तेच आणि आता मलाही तेच.

मित्रांनो, ते पाणी वाईट नव्हतं. तुळस त्याच पाण्यावर डोलत होती. पण त्यातले क्षार माझ्या मुळांना निखाऱ्यासारखे लागायचे आणि तांब्याचा अंश तर आमच्या जातीला विषच.

आणखी एक गोष्ट सांगते. पूजेचं भांडं माझ्या कुंडीला लागू नये म्हणून आजोबा कट्ट्यावरचा तो पालथा कप उताणा करायचे, वरून, न टेकवता, त्यात पाणी ओतायचे आणि कपाने मला घालायचे. ते वरून ओतणं मी ओळखत होते. श्यामला चहा ओतायची ते अगदी तसंच. एवढी माया करणाऱ्या त्या हाताला ते अंतर राखण्याची इतकी सवय होती, की त्याला स्वतःलाच ते दिसत नव्हतं.

माझी पानं कडेने काळी पडली. जबडे उघडेच राहू लागले, केस हलले तरी मिटेनात. मातीवर क्षारांचा पांढरट थर चढला. आजोबांनी पाणी वाढवलं. एकदा त्यात तुळशीचं पान टाकून तीर्थ म्हणूनही घातलं. आभाचा फोन आला की ते “छान आहे, छान आहे” म्हणायचे आणि माझ्याकडे पाठ करायचे. आयुष्यभर खरं बोललेला माणूस माझ्यापायी खोटं बोलत होता. मी मरायला टेकले होते, पण त्याहून मला ह्याची शरम जास्त वाटत होती.

शेवटी एका सकाळी त्यांनी श्यामलाकडे फोन मागितला.

“तिचा नंबर आहे का गं तुझ्याकडे? कौसरचा.”

श्यामलाने लावून दिला. आजोबांनी फोन कानाला लावला आणि ते म्हणाले, “पोरी, मी आभाचा आजोबा. तुझं झाड माझ्याकडून चाललंय गं. येशील का?”

कौसर दुपारी आली. परीक्षा तोंडावर होती, तरी आली. तिने चपला दाराबाहेर काढल्या आणि सरळ गॅलरीत येऊन माझ्यासमोर बसली. मातीवरचा थर नखाने खरवडला.

“पाणी कुठलं घातलं, आजोबा?”

ज्यांनी हजारो लोकांना ते पाणी ओंजळीत घेऊन मंत्र म्हणायला शिकवलं, त्यांना ते नाव घेता येईना.

“गंगेचं,” ते शेवटी म्हणाले. “तांब्यातलं. सगळ्यांत चांगलं म्हणून घातलं गं.”

कौसर हसली नाही, की रागावली नाही. ती खाली बघूनच म्हणाली, “पाणी चांगलंच आहे, आजोबा. फक्त हिला चालत नाही.”

आजोबा खुर्चीत बसले. ‘चालत नाही.’ हाच शब्द त्यांनी याच मुलीसमोर उच्चारला होता. तो तिने परत फेकला नव्हता, सहज वापरला होता. म्हणूनच बहुतेक त्यांना तो जास्त लागला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “कौसर, आमच्या अंजनेरीच्या पठारावर पावसाळ्यात जांभळी फुलं येतात. सीतेची आसवं म्हणतात त्यांना. मी लहानपणी वडिलांबरोबर जायचो तेव्हा आम्ही त्यांना हात जोडायचो. ती कुठल्या जातीची?”

कौसर घुटमळली. “तीही हिच्यासारखीच, आजोबा. मुळांशी बारीक पिशव्या असतात. पाण्यातले किडे ओढून घेतात.”

“तीही?”

“हो. तिथलीही माती कंगाल असते ना.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कट्ट्यावरच्या कपाकडे पाहिलं.

मला बाहेर काढून कौसरने मुळं चाचपली. काळी, मऊ. पण मधला कांदा अजून पांढरा आणि टणक होता. “जीव आहे,” ती म्हणाली. “धुवायला निव्वळ पाणी लागेल. बॅटरीत घालतात ते मिळालं तरी चालेल.”

आजोबा उठले आणि तसेच, उपरणं खांद्यावर टाकून खाली उतरले. बॅटरीचं दुकान समोरच आहे, गॅलरीत सगळं ऐकू येतं. दुकानदार म्हणाला, “काय गुरुजी, इन्व्हर्टर बसला का?”

“नाही हो,” आजोबा मोठ्याने म्हणाले. “आमच्या घरी एक माशीखाऊ झाड आहे. ते आजारी आहे.”

‘आमच्या घरी.’ भर रस्त्यात. मला वाटलं, आता मेले तरी चालेल. पण कौसर मरू द्यायला तयार नव्हती. तिने माझी मुळं धुतली, काळं ते सगळं कापलं, पिशवीतून आणलेल्या ताज्या मातीत मला लावलं. कापताकापता कांद्यापासून एक बारीकसा कोंब सुटा झाला, करंगळीच्या पेराएवढा.

“ह्याला वेगळी कुंडी हवी,” ती म्हणाली. “लहानशी. प्लास्टिक, चिनीमाती, काहीही. धातूची नको. खाली भोक मात्र पाहिजे.”

आतून चहाचा वास आला. श्यामला चहाचं भांडं घेऊन बाहेर आली आणि सवयीने तिचा हात कट्ट्यावरच्या कपाकडे गेला. पण त्याआधी आजोबांनी तो उचलला होता. दोन्ही हातांत धरून ते त्याच्याकडे बघत उभे होते.

“कौसर,” ते म्हणाले, “मला लाज वाटते गं.”

“जगेल ते, आजोबा. नका काळजी करू.”

“झाडाची नाही म्हणत मी.”

कौसरचे हात मातीने भरलेले होते, ते तिने तसेच मांडीवर ठेवले. श्यामलाने चहाचं भांडं खाली टेकवलं, आत गेली आणि ड्रिल मशीन घेऊन आली. तिला कुणी मागितलं नव्हतं. तिने कप पालथा घालून घट्ट धरला आणि आजोबांनी त्याच्या बुडाला भोक पाडलं. दोनदा ड्रिल घसरलं, पण कप फुटला नाही. त्या कपात माझा कोंब लावला. मग श्यामला आत जाऊन स्टीलचे कप घेऊन आली, सगळे एकसारखे. कौसरने हात धुतले. श्यामलाने तिच्या हातातल्या कपात चहा ओतला आणि ओतताना भांडं कपाच्या काठाला टेकलं. टक्‌ असा बारीकसा आवाज झाला, तो मी ऐकला.

मी हळूहळू सावरले. आभा परत आली तेव्हा मला नवी पानं फुटली होती. आजोबांनी तिला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. श्यामलाने माझ्या टोकाची जाळीही काढून टाकली. आता ते गच्चीवर पावसाचं पाणी स्वतः धरतात आणि डास शिरू नयेत म्हणून कॅनच्या तोंडाला जुन्या उपरण्याचा तुकडा बांधतात. कौसर येते, माझ्या जबड्यांतली टरफलं काढते आणि आजोबांशी अंजनेरीला कधी जायचं यावर वाद घालते. यजमानांपैकी कुणी नाक मुरडलंच, तर आजोबा सांगतात, “ती आमची आहे. तिचं जेवण निराळं आहे, एवढंच.” एकदोन यजमान त्यामुळे दुसऱ्या गुरुजींकडे गेले. आजोबांना त्याचं वाईट वाटलं, पण त्यांनी उत्तर बदललं नाही.

मी अजूनही गॅलरीच्या टोकाला, तुळशीपासून लांबच आहे. पण आता तिथे ऊन चांगलं येतं म्हणून आहे. माशी धरताना अजूनही मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. इतक्या वर्षांची सवय एकदम कशी जाईल?

तर मित्रांनो, तुमच्या घरी कुणी नवं आलं, रोप असो की माणूस, तर त्याला आधी विचारा, बाबा रे, तुला काय चालतं? रोपाला तोंड नसेल तर त्याला ओळखणाऱ्याला विचारा. तुमच्याकडचं उत्तम ते सगळ्यांनाच उत्तम असेल असं धरून ओतू नका. आणि ओतताना तुमचा हात किती उंच आहे, तेही एकदा बघा.

कट्ट्यावर माझ्या शेजारी तो निळ्या फुलाचा कप आहे. त्यातल्या कोंबाचं आता चांगलं रोप झालंय, गेल्या महिन्यात त्याने पहिली मुंगी धरली. परवा कुरिअरवाला घामाघूम होऊन वर आला, श्यामलाने त्याला गॅलरीत बसवलं आणि चहा करायला वळताना जुन्या सवयीने तिची नजर कट्ट्यावर गेली. मग ती आत गेली आणि स्टीलचा कप घेऊन आली. त्या कपात आता कुणालाच चहा देता येत नाही.